किरकोळ दुरुस्तीचा परिच्छेद

फाउंड्रीत तेवीस वर्षं काम केलं असं सांगितलं, की नवा माणूस आधी माझ्या हातांकडे बघतो. भाजल्याचे डाग शोधतो. माझ्या हातावर तसं काही नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेनाने पडलेला एक घट्टा आहे, आणि कॉम्प्युटर आल्यापासून तोही मऊ पडत चालला आहे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात मी लोखंड वितळवलं नाही, ओतलं नाही, घासलं नाही. मी परिच्छेद लिहिले.

हे ऐकून माझ्या नात्यातले लोकसुद्धा हसतात. परिच्छेद लिहायला कोण पगार देतं? पण देतात. फाउंड्री म्हणजे भंगार लोखंड भट्टीत वितळवायचं आणि वाळूच्या साच्यात ओतून त्याचे सुटे भाग बनवायचे. हे काम तीन पाळ्यांत चालतं. एका पाळीतल्या माणसांनी काय पाहिलं, काय बिघडलं, काय अर्धवट राहिलं, हे दुसऱ्या पाळीतल्या माणसांना कळावं लागतं, आणि सकाळी नऊ वाजता कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांनाही कळावं लागतं. तिन्ही पाळ्यांचे सुपरवायझर मला येऊन सांगायचे, काही जण चिठ्ठी द्यायचे, आणि त्या सगळ्याचा दीड पानाचा दैनिक अहवाल मी करायची. त्याशिवाय गिऱ्हाइकांना जाणारी पत्रं, कामगारांचे खुलासे, मेमो, नोटीस बोर्डावरच्या सूचना. माझ्या नेमणुकीच्या पत्रावर 'ऑफिस असिस्टंट' असं लिहिलं होतं.

मी मूळची शाहूवाडी तालुक्यातली. आमच्या घरात सात-बाराचा उतारा आणि लग्नपत्रिका सोडल्या तर लिहिलेला कागद नव्हता. पदवीपर्यंत पोचलेली घरातली मी पहिली. त्याचं श्रेय वडिलांना, आईला, कोल्हापुरातल्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना, आणि मलकापूरच्या हायस्कूलमधल्या आमच्या मराठीच्या सरांना. सर निबंध तपासताना लाकडी पट्टी घ्यायचे. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य उघडं ठेवून खालचं सगळं पट्टीने झाकायचे आणि शेजारच्या मुलीला विचारायचे, खाली काय लिहिलं असेल सांग. तिला सांगता आलं तर परिच्छेद पास. नाही आलं तर पुन्हा लिहा. एका परिच्छेदात एक मुख्य गोष्ट, ती वर, बाकीची वाक्यं तिच्या मदतीला. मला वाटायचं हे परीक्षेपुरतं आहे.

कारखान्यात आल्यावर पहिल्या महिन्यातच एक क्रेनचालक खुलासा घेऊन आला. न सांगता दोन दिवस गैरहजर राहिल्याबद्दल त्याला मेमो मिळाला होता. त्याने स्वतःच्या हाताने दोन पानं भरली होती. सुरुवात गावच्या जत्रेपासून. मग चुलतभावाचा टेम्पो, त्याचं पंक्चर, मोबाइलची रेंज, बायकोचं माहेर. दुसऱ्या पानाच्या तळाशी शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'सदर दिवशी माझ्या मुलीस साप चावल्याने मी दवाखान्यात होतो.'

मी घाबरून विचारलं, मुलगी कशी आहे? बरी होती. मग म्हटलं, अहो, हेच पहिलं लिहायचं नाही का?

तो म्हणाला, "मॅडम, एकदम कसं सांगायचं? साहेबाला आधी जरा वळणावर आणाय नको व्हय?"

पुढे माझ्या लक्षात आलं, की हा एकट्याचा स्वभाव नव्हे. आमच्याकडची माणसं तोंडाने बोलताना आडपडदा ठेवत नाहीत. साहेब असला तरी 'चुकलं तुमचं' म्हणून मोकळी होतात. पण तीच माणसं कागदापुढे बसली, की एकदम अदबशीर होतात. कागद म्हणजे कुणाच्या तरी घरी पहिल्यांदा जाणं. दारात चपला काढायच्या, पाणी प्यायचं, पीकपाण्याचं विचारायचं, आणि निघताना उंबऱ्यात उभं राहून मुद्द्याचं बोलायचं. कागद वाचणारा मात्र पहिल्या तीन ओळींनंतर उठून गेलेला असतो.

तेव्हा मी त्यांचे खुलासे उलटे करायला लागले. शेवटची ओळ वर आणायची, बाकीचं तिच्या मागे लावायचं. एवढंच. त्याने कितीतरी मेमो मागे घेतले गेले. लोक मला डब्यातली पहिली भाकरी द्यायला लागले. कटिंग चहा तर कायमचा ठरलेला. एकदा भट्टीवरचे दोघे भांडले आणि दोघांचेही खुलासे लिहायला माझ्याचकडे आले. मी दोघांचेही लिहिले, आणि दोघांनाही वाटलं की दुसऱ्याचा जास्त चांगला झाला. मला या कामाचा अभिमान होता. तो जरा जास्तच होता, हे पुढे कळलं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

वितळलेलं लोखंड भट्टीतून साच्यापर्यंत न्यायला एक मोठी बादली असते, तिला लॅडल म्हणतात. ती क्रेनला टांगलेली असते आणि तिच्या बाजूला एक चाक असतं. माणूस ते चाक फिरवतो तशी लॅडल हळूहळू झुकते आणि लोखंडाची धार साच्यात पडते. चाक सोडलं तरी लॅडल जिथल्या तिथे राहिली पाहिजे. आतले दाते तिला धरून ठेवतात. शिवाय एक कडी असते, तिला लॅच म्हणायचे. ती लावली की लॅडल मुळीच हलत नाही. प्रत्येक साच्यानंतर लॅच लावायचा असा नियम होता. पण साचे एकमेकांपासून दोन हातांवर, आणि लोखंड तर क्षणाक्षणाला थंड होणारं, त्यामुळे मधल्या मध्ये लॅच कोणी लावत नसे. हे सगळ्यांना माहीत होतं. नियम लिहिणाऱ्यांनाही. म्हणजे मलाही.

एका सकाळी भट्टीचे सुपरवायझर रंगराव रात्रपाळी संपवून माझ्याकडे आले. त्या रात्री उत्पादन चांगलं झालं होतं, ते खुशीत होते. ते आकडे सांगत होते आणि मी लिहून घेत होते. जाता जाता दारात वळून त्यांनी आणखी चार गोष्टी एका दमात सांगितल्या आणि बस पकडायला गेले. मी अहवाल केला. पहिला परिच्छेद उत्पादनाचा, तो फार छान जमला. चौथा परिच्छेद असा होता:

'किरकोळ दुरुस्तीची पुढील कामे प्रलंबित आहेत. कँटीनसमोरील ट्यूबलाइट बंद आहे. पॅटर्न स्टोअरचा पंखा आवाज करतो. दोन नंबरच्या लॅडलच्या चाकाला खेळ आला असून चाक सोडल्यास लॅडल झुकते. पिण्याच्या पाण्याच्या टाकीस झाकण नाही.'

यातलं एकही वाक्य खोटं नाही. रंगरावांनी सांगितलेलं मी काही गाळलं नव्हतं. चारही गोष्टी त्यांनी एकत्र सांगितल्या, चारही दुरुस्तीच्या, म्हणून मी त्यांना एका घरात बसवलं आणि दारावर पाटी लावली, 'किरकोळ'. तो शब्द रंगरावांनी उच्चारला नव्हता. परिच्छेदाला सुरुवात हवी होती म्हणून मी तो दिला. चाकाला खेळ येणं म्हणजे आतले दाते झिजून चाक सैल होणं, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, तेल घालायचं असेल. मी कधी लॅडलजवळ उभी राहिले नव्हते.

दुरुस्ती विभागाच्या साहेबांनी तो परिच्छेद वाचला. म्हणजे पहिलं वाक्य वाचलं. समासात पेन्सिलीने लिहिलं, 'सुट्टीच्या दिवशी.' सुट्टी चार दिवसांवर होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास भोंगा वाजला. लॅडलवर सिद्राम होते. पन्नाशीचे, सीमेकडच्या गावातले, कानडी शाळेत चौथीपर्यंत शिकलेले, आणि सगळ्या फाउंड्रीत हाताने सगळ्यांत स्थिर. त्यांची धार कधी तुटायची नाही. मला ते अक्का म्हणायचे, मी त्यांना अण्णा. दोन साचे भरून तिसऱ्याकडे जाताना चेहऱ्यावरची जाळी सारखी करायला त्यांनी चाकावरचा हात काढला आणि लॅडल आपोआप झुकली. लोखंड जमिनीवर पडलं आणि त्याचे शिंतोडे डाव्या बुटात वरून गेले. बूट कापून काढावा लागला.

त्यांना कोल्हापूरला दवाखान्यात नेल्यावर मॅनेजरसाहेबांनी मागच्या आठवड्याचे अहवाल मागवले. त्यांचं आडनाव इनामदार. कडक, कमी बोलणारे, पण कधी कुणाचा पाणउतारा न करणारे. मी फाइल उघडली आणि तो चौथा परिच्छेद माझ्यासमोर आला. ट्यूबलाइट आणि पंख्याच्या खाली, पाण्याच्या टाकीच्या वर. मी पुन्हा पुन्हा वाचला. सरांची पट्टी आठवली. पहिलं वाक्य उघडं ठेवून खालचं झाकलं असतं, तर खाली काय असेल म्हणून कोण काय सांगणार? वाचणारा ट्यूबलाइट म्हणाला असता. पंखा म्हणाला असता. माणसाचा पाय म्हणाला नसता.

इनामदार साहेबांनी ती फाइल वाचली आणि मला समोर बसवलं. अपघाताचा अहवाल सरकारी कारखाना निरीक्षकांकडे पाठवायचा होता आणि तो नेहमीसारखा मीच लिहायचा होता. त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं, 'कामगाराने लॅच न लावल्यामुळे अपघात झाला.' मी ते लिहून घेतलं. मग ते म्हणाले, चाकाचं काही आधी कळवलं होतं का, असं निरीक्षक विचारतील. कळवलं होतं. पण आपल्याच अहवालात ते किरकोळ म्हणून आलंय. तेव्हा तो प्रश्न मिटतो.

ते हे रागाने म्हणत नव्हते. कागदावर जे होतं तेच ते वाचत होते. माझ्या एका शब्दाने चाक निर्दोष सुटत होतं आणि सिद्राम दोषी ठरत होते. नियम मोडून अपघात केला असं ठरलं, की नोकरी जाणार हे नक्की होतं. पन्नाशीला, एका पायावर, तो शिक्का घेऊन दुसऱ्या फाउंड्रीच्या गेटवर कोण उभं करून घेणार?

आठवड्याभराने मी त्यांचा जबाब घ्यायला गेले. दवाखान्यातून सोडल्यावर ते मंगळवार पेठेत मुलीकडे राहिले होते, ड्रेसिंगला जाणं सोपं पडावं म्हणून. खोली लहान, पाय उशीवर ठेवलेला, वर पंखा. मुलीने चहा केला. मी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की चाकाचं रंगरावांनी मला सांगितलं होतं आणि मी ते किरकोळमध्ये टाकलं. सिद्राम यांनी उशीवरचा पाय जरा सरकवला. मी वाट बघत होते की ते काहीतरी जबर बोलतील. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

ते म्हणाले, "मलाबी कळलं हुतं, अक्का. दुसऱ्या साच्यापाशीच चाक हलकं लागाय लागलं हुतं. पर लोखंड थंड हुतंय, म्होरं साचं आ वासून बसल्यात. थांबतंय कोण?"

मी पेन खाली ठेवलं. हे जबाबात नको, असं मीच त्यांना सुचवत होते. ते म्हणाले, लिवा, खरं हाय ते. मुलगी दारातून म्हणाली, "बाबा, गप बसा की जरा." पण ते गप बसले नाहीत.

त्यानंतरचे दोन दिवस मी त्या अहवालापुढे बसून काढले. पहिला परिच्छेद मी चाकाचा केला: 'दोन नंबरच्या लॅडलचे चाक नादुरुस्त असल्यामुळे लॅडल आपोआप झुकली.' दुसरा माझा: 'हा बिघाड तीन दिवस आधी कळवण्यात आला होता, दैनिक अहवाल लिहिताना त्याची नोंद किरकोळ दुरुस्तीत घेण्याची चूक माझी आहे.' हे वाक्य लिहायला वेळ लागला. आधी मी त्याच्यापुढे कामाचा ताण, तीन पाळ्या, अपुरी माहिती असं बरंच लिहिलं होतं. क्रेनचालकाची जत्रा आणि माझ्यात काही फरक उरला नव्हता. ते सगळं काढलं. तिसरा परिच्छेद लॅचचा: नियम काय होता आणि प्रत्यक्षात काय चालायचं.

राहिलं सिद्राम यांचं वाक्य. चाक हलकं लागतंय हे कळूनही त्यांनी ओतणं चालू ठेवलं, हे वाक्य वर गेलं तर साहेब बाकी काही वाचणार नाहीत. आणि वाक्य गाळणंही माझ्याच्याने होईना, कारण ते त्यांच्या जबाबात होतं.

तेव्हा मी काय केलं ते इथे पहिल्यांदा सांगते. वाक्य कुठे ठेवलं की वाचलं जात नाही, हे मला आता चांगलं माहीत होतं. ती जागा मला फार महागात कळली होती. मी चौथा परिच्छेद केला, त्या सकाळच्या कामाचा. भट्टी किती वाजता तयार झाली, लॅडल कशी तापवली, क्रेन कशी चालत होती. त्या सात वाक्यांत पाचवं वाक्य घातलं: 'दुसऱ्या साच्यापाशी चाक हाताला हलके लागत असल्याचे जाणवले, तथापि धातूचे तापमान योग्य होते.' वाक्य खरं. जागा चोरीची. मी स्वतःशी म्हटलं, एकदा चुकून एका माणसाचा पाय झाकला, आता जाणूनबुजून त्याची नोकरी झाकते. हिशेब बरोबर होतो असं मला खरोखर वाटलं.

जबाब देणाऱ्याला अहवाल वाचून दाखवून सही घ्यायची पद्धत होती. मी पुन्हा मंगळवार पेठेत गेले. सिद्राम यांना मराठी वाचायला वेळ लागायचा, म्हणून मीच वाचत होते आणि ते डोळे मिटून ऐकत होते. पहिल्या परिच्छेदाला त्यांनी मान हलवली. दुसऱ्याला डोळे उघडून विचारलं, की तुम्ही स्वतःचं कशाला घातलं, नोकरीवर येईल ना? मी म्हटलं, येईल तेव्हा बघू. तिसरा झाला. चौथा मी जरा भरभर वाचला.

ते म्हणाले, "मधलं ते परत वाचा."

मी परत वाचलं. आणखी भरभर.

"कुणाला जाणवलं?"

मी पान उलटायला घेतलं.

"मला जाणवलं तर माझं नाव घाला की, अक्का. सगळं पुढं मांडलासा, आणि माझं तेवढं मधी दडवलासा."

शाळेत चार वर्षं बसलेल्या माणसाने, तेही दुसऱ्या भाषेच्या शाळेत, नुसतं ऐकून ते शोधून काढलं होतं. मी त्यांना समजावू लागले. सांगितलं, की हे वर आलं तर नोकरी जाईल. मुलगीही माझ्या बाजूने बोलली, पायाकडे बोट दाखवून बोलली, रडली. ते ऐकत राहिले. मग मुलीला नव्हे, मला म्हणाले, "उद्या त्या चाकावर दुसरा कोण तर यील. त्यालाबी कळंल, आणि त्योबी थांबायचा न्हाई, कारण आजवर कोण थांबलंच न्हाई. ह्ये दडवलं तर त्याला सांगणार कोण? वर काढा ते."

मी तिथेच, चटईवर बसून, तो परिच्छेद पेनाने खोडला आणि नवा लिहिला. 'चाक हलके लागत असल्याचे लॅडलवरील कामगार सिद्राम यांना दुसऱ्या साच्यापाशी कळले होते. तरीही त्यांनी ओतणे थांबवले नाही. लोखंड थंड होऊन वाया जाईल म्हणून आमच्या कारखान्यात ओतणे मधे थांबवण्याची रीत नाही. कामगाराने ते थांबवावे असे त्याला कधी सांगितलेले नाही व तसा अधिकारही दिलेला नाही.' वाचून दाखवला. त्यांनी कानडीत सही केली. मुलीने मला निरोपही दिला नाही. तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी इनामदार साहेबांनी तो अहवाल उभ्यानेच वाचायला घेतला आणि मग बसले. त्यांनी सांगितलेलं पहिलं वाक्य त्यात नव्हतं. त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचून पान मागे उलटलं, पुन्हा पहिल्यावर आले. म्हणाले, "हे पहिलं वाक्य मला आवडलेलं नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "पण याच्याऐवजी दुसरं कुठलं घालावं तेही सुचत नाही." कागद ठेवून घेतला. दोन दिवस ठेवून घेतला. त्या दोन दिवसांत मी घरी कुणाला काही सांगितलं नाही. वडिलांचा फोन आला तेव्हा भाताची लावणी कशी झाली एवढंच विचारलं.

तिसऱ्या दिवशी सही होऊन कागद गेला. निरीक्षक आले, लॅडल बघितली, चाकाचे दाते उघडून बघितले, चार जणांशी बोलले. सिद्राम यांची नोकरी राहिली. पायाची दोन बोटं गेली ती गेलीच. दुरुस्ती विभागाच्या साहेबांना आणि मला मेमो मिळाला. मेमो टाइप करणारं ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा माझा मेमो मीच लिहिला. साहेबांनी फक्त एक विशेषण काढायला सांगितलं. मी स्वतःला जरा जास्त लावून घेतलं होतं.

सिद्राम पॅटर्न स्टोअरमध्ये, म्हणजे साच्यांचे नमुने ठेवायच्या खोलीत, बसून करायच्या कामावर परत आले. ते काम त्यांना आवडायचं नाही. भट्टी पेटली की ते खिडकीशी येऊन उभे राहायचे. मी रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन बसायची. आम्ही त्या परिच्छेदाविषयी पुन्हा कधी बोललो नाही. त्यांची मुलगी मात्र पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही.

निरीक्षक येऊन गेल्यावर साहेबांनी एक नवा नियम करायला सांगितला. तो मी एका वाक्यात लिहिला: 'लॅडलच्या चाकाबद्दल शंका आल्यास लॅडलवरील कामगाराने ओतणे थांबवावे, त्यासाठी कोणाचीही परवानगी लागणार नाही.' बोर्डावर लागला. पण बोर्डावरचं वाचून माणूस बदलतो असं नाही. वर्षभर कोणी थांबलं नाही.

मग एकदा एक जण थांबला. सिद्राम यांच्या जागी आलेला धोंडिराम नावाचा माणूस होता, घरचा एकटा मिळवता, स्वभावाने भित्रा. लॅडल भरलेली, निम्मे साचे व्हायचे बाकी, आणि त्याने लॅच लावला, हात वर केला आणि मागे सरला. क्रेन थांबली. रंगराव धावत आले. काय झालं म्हणून विचारलं, तर चाक हाताला कसंतरी लागलं म्हणाला. चाक बघायला लोक बोलावले, दुसरी लॅडल तापवून येईपर्यंत वेळ गेला, आणि पहिल्या लॅडलमधलं लोखंड आत गोठून बसलं. पाळीचं उत्पादन गेलं. चाक उघडून बघितलं तर त्यात काही बिघाड नव्हता. दाते ठीक, तेल ठीक. धोंडिराम एका कोपऱ्यात असा बसला होता, जणू काही त्याने चोरी केली होती.

पाळी सुटल्यावर रंगराव माझ्या टेबलाशी आले. त्यांचा आवाज बसला होता. म्हणाले, "लिवा, मॅडम. लॅडलभर लोखंड वाया गेलं. ते पयलं लिवा. मग कारण."

मी लिहायला घेतलं. ते समोर बसून राहिले, एरवी कधी बसत नसत. मी एक वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग कागद त्यांच्याकडे फिरवला. पहिला परिच्छेद असा होता:

'आज पहिल्या पाळीत धोंडिराम यांना चाकाबद्दल शंका आल्याने त्यांनी ओतणे थांबवले. कोणालाही इजा झाली नाही.'

वाया गेलेल्या लोखंडाचा परिच्छेद त्याखाली होता, आकड्यांसह, काही न लपवता. चाक निर्दोष निघाल्याचाही होता.

रंगरावांनी चष्मा काढला, पुसला, लावला. पहिल्या परिच्छेदापाशी ते बराच वेळ थांबले. खाली गेले नाहीत. मग खिशातलं पेन काढून त्यांनी सही केली.